किती वाजले

माझगावच्या उतारावरची आमची इमारत बसली
तेव्हा मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत होते.
दोन झाल्या होत्या.

तुळईच्या अलीकडे मी, पलीकडे फिलोमिना,
मधे वीतभर फट, तीत सिमेंटचा वास
आणि तिचा आवाज.
किती वाजले गं, कुंदे?
माझा डावा हात पाठीखाली अडकलेला,
घड्याळ त्याच हातात.
मी सांगायचे, साडेचार. मग सहा.
मग म्हटलं, उजाडलं बघ,
पाववाला घंटी वाजवतोय.
ती म्हणाली, हो, आली ऐकू.

घंटी नव्हती कुठलीच.

तिची प्रार्थना मला येत नव्हती, माझी तिला.
ती थांबली की मी आमेन म्हणायचे,
मी रामरक्षेत अडले की ती म्हणायची, पुढे, पुढे.
दुसऱ्या रात्री,
म्हणजे मी जिला दुपार म्हणत होते तिच्यात,
ती थांबली.
मी आमेन म्हटलं.
बराच वेळ म्हणत राहिले.

लोक म्हणतात, देव तारी त्याला कोण मारी.
मी मान हलवते, चहा ठेवते.
वीतभर फरक होता. तो कुणी मोजला
हे विचारलं की पाहुणे लवकर उठतात.

संक्रमण शिबिरात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली.
सख्ख्या दिराच्या मयताला डोळे कोरडे राहिले.
आणि परवा डाळ लावली होती,
तिसरी शिट्टी झाली,
तर ओट्याला धरून खालीच बसले मी.
लेक म्हणाली, आई, गॅस बंद करू का?
नको, म्हटलं. होऊ दे.

गणपती ढिगाऱ्यात सापडला होता,
सोंडेचा टवका उडालेला.
वर्षभर त्याला दिवा दाखवला नाही.
भांडलेही नाही,
बोलणंच नाही तिथे भांडण कसलं?
मग एकदा त्याच्या खाचेतली माती
काडीनं कोरताना वाटलं,
यालाही कुणी विचारत असेल पलीकडून,
किती वाजले,
आणि याचाही हात अडकलेला असेल पाठीखाली.
तरी सांगत असेल, उजाडलंच बघ.

ती पहाट मी ओळखते.
मीही तीच दिली होती तिला.

पूर्वीसारखा विश्वास नाही.
रागही नाही, तो ठेवायला जागा लागते.
संध्याकाळी निरांजन लावते,
शेजारी बशीत एक मेणबत्ती, फिलोची,
आणि भिंतीवर बघून
दोघांना खरी वेळ सांगते.
सात वाजून दहा मिनिटं.