कडेचं भोक

शिरोली नाक्यावर दस्तगीरनं टायर
टबात फिरवला, सावकाश.
पाण्यानं एक बुडबुडा सोडला,
मग थांबून दुसरा.

"मधी असतं तर वात घातली असती, सायेब.
ह्ये कडंला हाय. कडंचा भरवसा न्हाई."

पकडीत धरलेला तुकडा
निळसर, पिळाचा.
लेथवरची चीप, उद्यमनगरातली.
आमच्याच शेडमधली असेल.
मी काही बोललो नाही.

नवा साडेचार हजार.
जुन्याची नक्षी अजून नखभर खोल,
गगनबावड्याची वळणं सोसूनसुद्धा.

"नवा घाला," म्हटलं.
"आन ह्यो?"

डिकी उघडली.
स्टेपनीच्या जागी आधीच एक होता,
असाच, कडेला फुटलेला,
मागच्या शिमग्यापासून.

दस्तगीर हसला नाही.
त्यानं तोही टबात बुडवला.