दुसरी येळवस

पहिल्या वर्षी जो तो विचारायचा,
"कशाला आलाव इकडं?"
मी म्हणायचे, निसर्गाच्या जवळ राहायला.
बांधापलीकडच्या केराबाई खुरपं थांबवून उठल्या,
चौफेर बघून घेतलं त्यांनी,
एक हिवर, दगडांचा ढीग, कोरडा ओढा,
म्हणाल्या, "कुठंय?"

गुरुग्रामच्या अकराव्या मजल्यावरून निघालेला ट्रक
चौथ्या दिवशी औशाच्या पुढं आला
आणि पांदीच्या तोंडाशी ड्रायव्हरनं हात जोडले.
सोफा ट्रॉलीत उभा करून आणला.
आरशाचं कपाट आमच्या दारातून आत जाईना,
ते अजून केराबाईंच्या गोठ्यात आहे,
त्यात पेंड असते,
आणि म्हैस रवंथ करत स्वतःकडं बघते.

आईचं माहेर इथलं, एवढाच माझा धागा.
तिच्या नावचा अर्धा एकर नसता
तर तलाठ्यानं मला शेतकरी लिहिलं नसतं.
लिहितानाही तो हसतच होता.

त्रिदिब सिलचरचा.
जिथं चपलांना बुरशी येते
आणि चादर आठवडाभर ओली राहते,
तिथं पावसाला शिव्या देत वाढलेला.
इथं चारशे ऐंशी फुटांवर
आधी पांढरा भुगा आला, मग नुसती गरम हवा,
मग बोअरवाल्यानं न बोलता पाइप उतरवायला घेतले.
गाडी गेल्यावरही तो त्या भोकाशी ओणवा होता,
बंद दाराला कान लावून
आत कुणी आहे का ऐकावं तसा.

मला वाटलं होतं, शांतता असेल.
रात्री अडीचला लाईट येते
आणि सगळं शिवार मोटारी चालू करायला उठतं,
बॅटऱ्या हलतात, कुणीतरी कुणाला तरी
तीन शेतांवरून हाका मारतं.
पहाटे होले सुरू होतात, ते थांबतच नाहीत.
करडईचे काटे मोज्यांतून आत येतात.
मे महिन्यात मी टँकरच्या रांगेत भांडले,
घागर आपटून, तोंड सोडून, चांगली तासभर.
परत येताना केराबाई म्हणाल्या,
"आता जमतंय तुमाला."

निसर्ग हा शब्द कधी गळाला, आठवत नाही.
शाळेच्या निबंधात असतो म्हणे अजून.
मी आता म्हणते, रानात चालले.

दिवाळीनंतर मैनुद्दीन टेलरची शमीम आली,
लातुरात नर्सिंग केलेली.
नोकरी लागली होती, गुरुग्रामलाच.
"तिकडं कसं राहायचं असतं, मॅडम?"
मी कॅलेंडरच्या मागं नकाशा काढला,
कुठल्या गेटनं बाहेर पडायचं,
शेअर रिक्षात कुठल्या बाजूला बसायचं,
हिवाळ्यात हवा कडू झाली की काय प्यायचं.
आणि आमच्या जुन्या सोसायटीचा पत्ता,
मागच्या जिन्यात सहाव्या मजल्यावर एक खिडकी आहे,
वॉचमनला माझं नाव सांग,
तिथून एक लिंब दिसतो.

ती हसली, हसतच राहिली.
"लिंब बघाया जिना चढायचा?"
तिच्या मागं, अंगणात, लिंबच होता.
मला आधी दिसला नव्हता.

आज येळवस.
गेल्या वर्षी दुसऱ्यांच्या कोपीत जेवलो,
यंदा कडब्याची कोप आमची, जरा कललेली.
उंडे फुटले. भज्जीत हरभरा कच्चा राहिला.
त्रिदिब आंबील शिंपडत बांधाबांधानं फिरला,
त्याची आरोळी ऐकून
पलीकडच्या रानातली पोरं लोळली.
केराबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या,
मग हात धुताना म्हणाल्या,
"मीठ कमी. आन् हरभरा लई उशिरा पेरलाव."

दिवस बुडता बुडता फोन वाजला.
शमीमनं फोटो पाठवलेला,
जाळी, धुळकट काच, काचेपलीकडं हिरवट काहीतरी.
खाली लिहिलेलं,
"सापडला. भज्जी उरली का?"

तिला काय कळवावं, विचार करत होते,
तेवढ्यात हेंडगा पेटवून त्रिदिब धावत सुटला.
निम्म्या वाटेतच विझला.
वारा उलटा होता.
अंधारातून त्याचा आवाज आला,
काडेपेटी आण.