दोन नोव्हेंबर, मुरार

आजोबांच्या दगडावर मराठी आहे:
यशया भांबळ, कंपाउंडर, मूळ गाव राहुरी,
प्रभूमध्ये झोपी गेले.
त्यातला 'झो' यंदा पुरता झिजला.
मुलं 'पी गेले' वाचतात आणि हसतात.
मीही हसले. थेंबाला शिवले नव्हते बिचारे.

शेजारी कोट्टयमच्या नर्स अन्नम्मा.
त्यांची माणसं सांगतात, थोमा आमच्या किनाऱ्याला लागला
तेव्हा रोमला कुठे पत्ता होता!
आणि मूठभर केळ्याचे वेफर्स हातावर ठेवतात.

भिंतीकडेचा दगड मात्र कुणाचाच नाही.
अक्षरं घोड्याच्या नालांसारखी.
फादर म्हणाले, आर्मेनियन;
शिंद्यांच्या फौजेत तोफा ओतायला आला असेल कुणी.
रफीकचाचांना कुठलंच अक्षर येत नाही,
तरी दरसाल चुना लावतात त्याला.
"वाट तर तेही बघत असतील ना, बाई."

एक मेणबत्ती उरली होती, ती लावली.
प्रार्थना कुठल्या भाषेत करायची?
पाठ मला एकच आहे.
तीच म्हटली, सावकाश,
परगावच्या पाहुण्याला रस्ता सांगावा तशी,
आणि भाकरीपाशी अडले:
काय म्हणत असतील
त्याच्याकडे भाकरीला?