कातरणारा

ताक्वारेंबोत, बस आगाराच्या मागच्या गल्लीत
एर्सिलियाचं लोकरीचं दुकान आहे.
तीस वर्षं समोरून गेलो, अंगाला मेंढ्यांचा वास घेऊन.
आत जायचं कारण नव्हतं.
काल गेलो.
गुडघ्यांनी यंत्र खाली ठेवायला लावलं त्याला सहा महिने झाले,
घरात मी नुसती कपाटं उघडतो आणि बंद करतो.
बायको म्हणाली, कुठंतरी जा.

भिंतभर लड्या. गंजाचा रंग, कांद्याच्या सालीचा,
आणि एक निळा, ज्याला मला नाव देता येईना.
"काय हवंय, एउलोहियो?"
बघतोय, म्हटलं.

दिवसाला दीडशे मेंढ्या कातरल्या मी,
मान, पोट, पाठ, पुढची आण.
पोत्यात कोंबलेली लोकर पुढं कुठं जाते
विचारायला सवड झाली नाही.

तिनं एक कच्ची बट आणि टकळी हातात दिली.
तिच्या तोंडाची टकळी त्याहून जोरात:
बोटं सैल, ओढू नका, सोडा,
पीळ आपला आपण वर चढतो.
कातरणं आणि कातणं.
मध्ये एक र.
रेट्याचा, रोजंदारीचा.
तो गळला की स्टुलावर बसून हे असं.

धागा तुटला. पुन्हा तुटला.
टकळी फरशीवर, खाट्.
मांजर उठून गेलं.
"हात जड आहे तुमचा."

मी बट उजेडात धरली.
केसांच्या मध्यावर बारीक रेघ,
सगळ्यांना एकाच उंचीवर.
दोन्ही टोकं ताणून कानाशी नेली, टिचकी मारली.
हो. तोच आवाज.

"हात नाही, बाई. दुष्काळ.
जानेवारीत तळी आटली होती ना?
मेंढी जगली,
पण लोकरीला द्यायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं.
केस तिथं खंगला. तिथंच तुटणार."

एर्सिलिया गप्प झाली.
चष्मा कपाळावरून खाली घेतला, बट जवळ नेली.
"वीस वर्षं पोरींना सांगतेय," म्हणाली,
"हात जड, हात जड."
मग तिनं माते ओतला, आधी मला दिला.
रेघ आली की टोकं एकावर एक घ्यायची,
पीळ थोडा जास्त. एवढं ठरलं.

संध्याकाळी घरी नेलं ते वीतभर सूत.
गाठाळ, सुरवंटासारखं.
हे काय, बायकोनं विचारलं.
जानेवारी, मी म्हटलं.
तिनं ते बोटाला गुंडाळून पाहिलं, सोडलं.
कपाटात ठेवू नकोस, म्हणाली.