पाहा

फोंड्याहून दत्तप्रसाद आला, कुडचड्याहून इझिल्डा,
पेडण्याची नवी मुलगी, जिला अजून कोणी नावाने हाक मारत नव्हतं,
आणि मी सांखळीहून, दोन बस बदलून.
मडगावच्या कॉलेजात लॉरेन्स सरांनी खोली उघडली:
एसी चालू, खिडकी बंद होत नाही.
विषय: ई-साधनांच्या नोंदी, पाचही ग्रंथालयांत एकाच रीतीने.

एकच नियतकालिक घ्या.
माझ्याकडे ते विक्रेत्याच्या नावाखाली,
इझिल्डाकडे छापील अंकांच्या नोंदीला लोंबकळणारं,
फोंड्यात तीनदा, कारण तीन कंपन्यांनी विकलं,
मडगावात दुव्यावर बोट ठेवलं की कोरं पान.
पेडण्यात शीर्षकाआधीचा 'द' कुणी गाळला नाही,
म्हणून ते 'द'च्या गर्दीत बसलेलं, सापडेल त्याला सापडेल.

इझिल्डा म्हणाली, आधी माणसांचं ठरवूया.
मिठागरांवरचा १९३१ सालचा पोर्तुगीज प्रबंध,
स्कॅन केलेला, पान चौदा तिरकं: बिकू सिनाय केंक्रो.
त्याचीच मराठी पुस्तिका: भिकू शेणवी केंकरे.
मुक्तीनंतरच्या एका इंग्रजी मासिकात: बी. एस. केंकरे.
मार्चमध्ये नात आली होती माझ्याकडे.
दुपारभर शोधून तिला आजोबा एक तृतीयांश मिळाले,
तेवढेच पेनड्राइव्हवर घेऊन गेली.

खरं नाव कुठलं?
दत्तप्रसाद म्हणाला, घरात हाक मारत ते.
सर म्हणाले, त्याने स्वतः छापलं ते.
"त्याने कुठे छापलं? छापखान्याने छापलं."
चहावर साय धरली. उंडे तसेच.

मी चोडणची. आमचं शेत खाजनात, बांधाच्या आत.
बांध कुणा एकाचा नसतो,
पण आपल्यासमोरचा चार हात ज्याचा त्याने बघायचा.
कुणाकडून खेकड्याचं एक बीळ राहून गेलं
की खारं पाणी त्याच्याच शेतात थांबत नाही;
सखलात ज्याचा भात, त्याचं कणीस करपतं.
हे सगळं बोलावंसं वाटलं.
मी विचारलं, "आडनावापुढे स्वल्पविराम धरायचा ना?"

धरायचा, ठरलं.
केंकरे, भिकू शेणवी. बाकी नावं पुसायची नाहीत,
त्यांच्यापुढे लिहायचं: पाहा.
आमच्या अख्ख्या तालिकेत
क्रियापद म्हणावं असं हे एकच.
एकीने दुरुस्त केलं की पाचही ठिकाणी दुरुस्त.
त्याच रात्री मी बटण दाबलं
आणि तीन माणसांचा एक झाला.

तिसऱ्या आठवड्यात पेडण्याहून फोन.
"मी प्रज्योती," ती म्हणाली, "तो इंग्रजी लेख वाचला."
वाचला! आम्ही चौघांनी फक्त त्याचं शीर्षक उतरवलं होतं.
लेख हिवतापाचा, १९६४ चा, गावोगाव घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांचा,
तळटीपेत पूर्ण नाव: बाळकृष्ण.
आणि भिकू, पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीतला मुलाचा मजकूर सांगतो,
एकोणपन्नास सालीच गेलेले.

म्हणजे माझ्याच चार हातांत बीळ होतं.
पाच गावांत, एका रात्रीत,
मिठाचा माणूस तापाच्या माणसात मिसळलेला.

पुन्हा वेगळे केले.
भिकूंपुढे जन्मसाल आलं, प्रस्तावनेतल्या वयावरून काढलेलं.
बाळकृष्णांपुढे ती जागा रिकामी आहे.
प्रज्योती म्हणते, अंदाजाने भरायची नाही, हेही लिहून ठेवू नियमात.
लिहिलं. नियम सतरावा.

नातीला मात्र कळवायला हवं
की तिने नेले ते तृतीयांश नव्हते, निम्मे होते,
आणि उरलेले निम्मे आता एका शोधात येतात.
मार्चची नोंदवही काढली.
फोनचा रकाना कोरा. सही आहे,
आडनाव बहुधा लग्नानंतरचं,
कुठल्या लिपीत आहे, लागत नाही.