बाभळीला बांधलेला काटा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आधी काचेचे दोन पेले,
पेल्यांवर घासून गुळगुळीत केलेली सळई,
सळईवर पंखा.
तोरस्करकाका श्वास धरतात.
जे पातं खाली झुकेल ते जड,
म्हणजे समोरच्याच्या टोकाला वार्निशचा एक हात,
मग अर्धा,
मग, "आता नुसता ब्रश दाखव, टेकवू नकोस."
पंखा आडवा ठेवला, आडवा राहिला.
तिरका ठेवला, तिरका.
कुठेच जायची घाई नसल्यासारखा.
"हं," म्हणाले काका.
चाळीस वर्षं ओतकामाचे लाकडी साचे करणाऱ्या माणसाचं हे "हं"
मी आजवर तीनदा ऐकलंय.

तीन पंखे गोणपाटात गुंडाळून, छोट्या हत्तीत घालून
आजव्याच्या वाटेवरचं तळं गाठलं.
होडीला खालून काहीच नाही, सपाट बूड.
पुरात खाली फिरणारं काही असलं की
त्यात जलपर्णी अडकते, साडी अडकते, केबलची वायर अडकते,
आणि विश्वामित्री एकटी येत नाही शहरात,
आपल्या मगरी घेऊन येते.
म्हणून ढकलायचं ते हवेनं.

शेपटीला दोर, दोराला काटा
(रद्दीवाल्या गफूरमियांकडून संध्याकाळच्या बोलीवर आणलेला)
आणि काटा बाभळीला.
बाभळीनं आपले काटे माझ्या चपलेत आधीच मोजून दिले होते.

सागाच्या सात पट्ट्यांचा, दोन पात्यांचा : एकशे अठरा किलो.
बाहेरून मागवलेला काळा, तीन पात्यांचा,
खुंट्या पिळून कोन बदलता येणारा :
एक अंश वाढवला, इंजिन धापा टाकायला लागलं,
एक अंश उतरवला, एकशे एकतीस.
पण टोकं अशी किंचाळली की बगळे समोरच्या गावी गेले.
काकांनी स्वतः जोडलेला चार पात्यांचा, रुंद, आळशी :
एकशे बारा.
मी वहीत एकशे एकतीसखाली रेघ ओढली.

"थोभो," चुडासमा म्हणाला.
त्या पुरात होडी त्यानंच हाकली होती.
"एक माणूस दुसऱ्या मजल्यावर ताट वाजवत होता.
मी दोनदा गेलो खालून. इंजिनात ऐकू नाही आलं.
तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा ताट होतं."

कोणी काही विचारलं नाही.
काका पान्याला फडकं पुसत राहिले, पाना कोराच होता.

मग मला पलीकडच्या काठावर धाडलं,
टिफिनचं ताट आणि चमचा देऊन.
होडी वाऱ्यासमोर जागेवर धरायची,
जेवढा लागेल तेवढाच गॅस,
आणि ऐकू आलं की चुडासमानं हात वर करायचा.

काळ्या पंख्याला मी मनगट दुखेतो वाजवलं.
हात नाही.
सागाच्याला उशिरा, खांद्याइतका, खात्री नसलेला.
चार पात्यांचा मात्र संथ फिरूनही हवा घट्ट धरून होता.
इंजिन जवळजवळ झोपलेलं,
मी चमचा उचलला, पहिला टोला,
आणि दुसरा पडायच्या आत
पाण्यापलीकडे एक हात.

वहीतली रेघ काकांनी खोडली नाही.
फक्त एकशे बाराच्या पुढे पेन्सिलीनं एक गोल काढला,
ताटाएवढा नव्हे, रुपयाएवढा.
"कडांना पितळ ठोकायला हवं," म्हणाले,
"त्या वेगात पाण्याचा थेंब म्हणजे खडाच."

काटा परत करताना गफूरमियांनी विचारलं,
"केटलुं नीकळ्युं?"
"एकशे बारा."
"शेनुं?"
"हवेचं."
त्यांनी काट्याचा आकडा उलटसुलट करून पाहिला,
"हवेचं राहू द्या, भाड्याचे वीस तरी द्या."

ताट छोट्या हत्तीत मागे टाकलं होतं.
दांडिया बाजारापर्यंत प्रत्येक खड्ड्यावर
ते खणखणत आलं.
कोणी त्यावर हात ठेवला नाही.