यंदा शुभेच्छा नाहीत

वीस डिसेंबरला कार्ड आलं.
पोस्टमन नवा पोरगा,
जोडबसवण्णा चौकात तिघांना विचारत आला:
"इराबत्ती म्हणजे कोण ओ, ते जपानवाले?"

करडा काठ. मधे एक कमळ,
दहा धुण्यांत विटलेल्या चादरीसारखं.

सहा वर्षं मी इमाबारीत होतो, माग दुरुस्त करायला.
समुद्राकाठचं गाव, टॉवेलांचं.
आपल्यासारखंच, गल्लीत शिरलं की आधी खटखट, मग माणसं.
तिथलं पाणी मऊ, रंग धरणारं.
इथलं पाच दिवसांनी येणारं.

वर्षाच्या शेवटी, एकोणतीस तारखेला, माग थांबायचे.
फोरमन ओकामोतो, साठीचा माणूस,
पोटावर सरपटत मागाखाली शिरायचा,
वर्षाचा कापूस ओढून काढायचा.
आम्ही फडकी घेऊन मागं मागं.
मग सगळे वाकून एकमेकांना
ओत्सुकारे-सामा.
म्हणजे, दमलात.
माझ्या बापानं तीस वर्षं कारखान्यात काढली,
त्याला दमलास असं कुणी म्हटलेलं
मी ऐकलं नाही.

पोरं आपापल्या गावी गेली.
होस्टेलात मी
आणि जिन्याखालच्या कॉफीच्या मशीनचा दिवा.
माग बंद असले की आम्हाला झोप येत नाही,
जन्मल्यापासून उशाला तोच आवाज.

सकाळी दारात जाळीची पिशवी, सात संत्री.
चिठ्ठी नाही.
शेजारच्या ओचीबाई.

एकतिसाला रात्री त्यांनी बोलावलं.
बुटकं टेबल, खाली शेगडी, वरून गोधडी,
पाय आत घालून बसायचं.
माझा पाय त्यांच्या पायाला लागला.
मी सवयीनं हात लावून कपाळाला नेला.
त्या दचकल्या, मग त्या वाकल्या,
मग मी, मग पुन्हा त्या,
तोवर कुळथाच्या रंगाच्या शेवया गार.
लांब शेवया, लांब आयुष्य, त्या म्हणाल्या.

देवळातली घंटा एकशे आठ वेळा वाजते.
एकसष्टला माझी मोजणी चुकली.
"चालतंय," त्या म्हणाल्या,
"राहिलेली पापं पुढच्या वर्षी."

नंतर एकदा गावाकडून जाताना
मोरांची चादर नेली, आमच्याच मागावरची.
ती त्यांनी गोधडीवर पसरली.
टॉवेलांच्या गावात सोलापूरचे मोर,
खाली चार पाय.

आता इथं थंडी म्हणजे सकाळी आठपर्यंत स्वेटर.
एकतीस डिसेंबर आला की मी माळ्यावरची भांडी काढतो.
नरसुबाई म्हणते, दिवाळीत झालं की सगळं, आता काय?
फोनवर बोलताना वाकतो,
पोरगी व्हिडिओ काढते.
कचऱ्याच्या दोन बादल्या केल्यात,
घंटागाडीवाला दोन्ही एकातच ओततो,
मी तरी दोन ठेवतो.

कार्ड वाचायला पाऊण तास लागला,
एकेक अक्षर मोबाईलवर शोधत.
मुलानं लिहिलंय, केन्जीनं.
आई आठव्या महिन्यात गेली, वय ब्याण्णव.
त्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देता येत नाहीत,
क्षमा असावी.

"काय म्हणतात?"
"शुभेच्छा देणार नाहीत म्हणतात."
"एवढं कळवायला इतक्या लांबनं पत्र?"
होय.

माझं कार्ड आधीच लिहून तयार होतं,
कोपऱ्यात मोर काढलेला, पोरीच्या रंगांनी.
ते पाठवायचं नसतं.
अशा घराला सात जानेवारीनंतर लिहायचं,
तेही फक्त थंडीची विचारपूस.

म्हणून थांबलो.
भोगी झाली, तिळाच्या भाकऱ्या झाल्या,
गड्ड्यावर पाळणे लागले.
नंदीध्वज बघून आलो, अंगावर भंडारा तसाच,
आणि लिहायला बसलो.

केन्जीसान,
इथं थंडी बेताची आहे.
तिकडं जास्त असेल, जपून राहा.
चादर तुमच्याकडंच असू दे.
पहिल्या पाण्यात मूठभर मीठ टाका,
उन्हात उलटी वाळवा,
मोर टिकतात.